एमडी मेडिसिननंतर म्हाताऱ्यांची ओपीडी कशी उभी करायची

आधी सीटचं बोलू, कारण इंटर्न मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. नीट-पीजीतून एमडी जिरियाट्रिक मेडिसिन, म्हणजे म्हातारपणाच्या आजारांचं वैद्यक, करता येतं. भारतात त्याची सुरुवात मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली झाली, दिल्लीच्या एम्समध्ये त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जागा अजूनही फार थोड्या आहेत. मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर जनरल मेडिसिनची तीन वर्षं नीट करा, काही अडत नाही. मी तशीच आले. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडचे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे आहेत. बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षाला शिव्या देऊ नका. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी असेल तर ती ड्यूटी मागून घ्या. कोणी भांडायला येणार नाही.

रेसिडेन्सीत आपण आयसीयूच्या मागे धावतो. त्यातला थोडा वेळ काढून फिजिओथेरपीच्या खोलीत बसा, आणि खुब्याचं हाड मोडून ऑर्थोच्या वॉर्डात पडलेल्या आज्यांना रोज भेटा. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम, तिथे दिसतो. आरडाओरडा करणारे, सलाईन उपटणारे आजोबा सगळ्यांच्या लक्षात येतात. शांत पडलेली आजी सिस्टरला आवडते आणि तिचा डिलिरियम राउंडमध्ये सुटतो. तिला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. इंग्रजी महिने उलटे विचारायची पद्धत आपल्याकडच्या कित्येक आज्यांना लागू पडत नाही, पण शनिवार, शुक्रवार, गुरुवार जमायला हवं. मध्येच हरवली, तर लघवी तुंबली आहे का, संडास किती दिवस झाली नाही, ताप, सोडियम आणि काल रात्री कोणी झोपेचं इंजेक्शन दिलं, हे या क्रमाने बघा.

स्मरणशक्तीच्या चाचण्यांचंही तेच. घड्याळ काढायला सांगणं ही उत्तम चाचणी आहे, पण ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिला कागद देऊन लाजवू नका. पाचशेची नोट दिली, एकशेवीसचा बाजार केला, परत किती? आषाढी झाली की व्हायची आहे? मग सुनेला वेगळं विचारा: मीठ दोनदा पडतं का, गॅस चालू राहतो का, ओळखीच्या वाटेवर चुकल्या का. मुलगा बहुधा 'वयाप्रमाणे ठीक आहे' म्हणतो. खरं सुनेला माहीत असतं. आणि हे सगळं करण्याआधी कानातला मळ बघा. ऐकू येत नाही म्हणून 'डिमेन्शिया' झालेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता खोली. तळमजलाच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. खुर्चीला हात हवेत, तपासणीचा पलंग बुटका हवा, संडास कमोडचा आणि बाजूला धरायला दांडा. जमिनीवर तीन मीटरवर रंगीत पट्टी चिकटवा. पेशंटने खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत जाऊन वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर हा माणूस पडू शकतो असं धरून चाला. 'चक्कर येतीया' म्हणणाऱ्या प्रत्येकाचं बीपी आडवं झोपवून आणि उभं करून घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं वीसने किंवा खालचं दहाने उतरलं, तर मेंदूचा एमआरआय लिहायच्या आधी त्याच्या गोळ्या बघा.

आमचं निम्मं काम गोळ्यांतच असतं. फोनवर अपॉइंटमेंट देतानाच रिसेप्शनवरच्या मुलीने सांगायचं: घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं. ती पिशवी टेबलावर उलटी करायची. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेलं सापडतं. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने पाय सुजले म्हणून लघवीची गोळी, तिने रात्री चारदा उठणं, त्यात एकदा पडणं, मग झोप लागावी म्हणून अल्प्राझोलाम: ही साखळी इतकी नेहमीची आहे की मी ती पेशंटसमोर कागदावर बाण काढून दाखवते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन विसरू नका. त्याने म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, डोकं भ्रमिष्ट होतं. डायबेटिसची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी दिसली की बदला, कारण ऐंशीच्या पुढे साखर वाढण्यापेक्षा रात्री अचानक उतरणं जास्त घातक. अशक्त पेशंटचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) आठच्या आसपास असेल तर मी खूश असते.

मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ आलं की लॅबच्या कागदावर ठळक अक्षर नसतं आणि आपणही पुढे जातो. मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त गाळतं त्याचं गणित करा: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाईसाठी पुन्हा गुणिले ०.८५. ऐंशी वर्षांच्या, ४५ किलोच्या आजीचं उत्तर २७च्या आत येतं. तिला तरुणाचा डोस देऊ नका.

एका वेळी एकच गोळी कमी करायची, दोन-तीन आठवडे बघायचं. हार्टच्या डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर काट मारून पाठवू नका, फोन करा. सुरुवातीला तुटक बोलतात. नंतर तेच स्वतःच्या आईला तुमच्याकडे पाठवतात.

पैशाचं स्पष्ट बोलते. पहिल्या भेटीला पाऊण तास जातो, आणि तेवढ्यात साधी ओपीडी आठ-दहा पेशंटची होते. म्हणून संध्याकाळची जनरल ओपीडी चालू ठेवा, भाडं आणि पगार त्यातून निघतात. म्हाताऱ्यांसाठी दुपारच्या दोन वेळा राखून ठेवा, पहिल्या भेटीची फी जास्त ठेवा आणि ती फोनवरच सांगा. दुपार अशासाठी की सकाळची एसटी धरून आलेली माणसं उजेडात घरी पोचतात. एमआरआय सेंटरचा कट घेऊ नका. तुमचं काम तपासण्या वाचवण्याचं आहे, कट घेतलात की ते होणार नाही.

खुर्च्यांची मांडणी अशी करा की पेशंट तुमच्या समोर आणि नातेवाईक त्याच्या मागे. पहिला प्रश्न आजोबांना, उत्तर मुलाने दिलं तरी पुन्हा आजोबांनाच. काही मिनिटं सगळ्यांना बाहेर बसवा. शिंकताना लुगडं ओलं होतं का, हे आजी मुलासमोर सांगणार नाही. कवळी सैल झाली म्हणून महिनाभर नुसत्या ताकभातावर आहे, हेही नाही. घरात हाल होत असतील तर तेही तेव्हाच निघतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुण्यात एक, न्यू जर्सीत एक अशी मुलं असतील तर बोलायला एकच ठरवा, नाहीतर रात्री तीन व्हिडिओ कॉल येतात आणि तिघांना तीन उत्तरं हवी असतात.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, हे माणूस धडधाकट असताना विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हे आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि २०२३मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. विषय काढला की मुलं दचकतात. आजोबा बहुधा म्हणतात, बरं झालं विचारलंत.

होम व्हिजिट टाळू नका. बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, टॉर्च, हातमोजे, लघवीची नळी एवढं पिशवीत पुरे. पलंगापासून मोरीपर्यंत स्वतः चालून बघा: उंबरा केवढा, बल्ब आहे का, पायपुसणं घसरतं का. औषधांचा डबा उघडायला सांगा, ओपीडीत आलेली पिशवी कधीच पूर्ण नसते. आणि चहा देतील तो घ्या, म्हणजे डायबेटिसवाल्या आजोबांच्या कपात किती साखर पडते तेही समोरच कळतं.