‘प्ले’ दाबताच गेम बंद: दोष एनटीएफएसचा

उबुंटू लिनक्सवर स्टीम या गेमच्या ॲपमध्ये ‘प्ले’ दाबलं की बटण निळं होतं, पुन्हा हिरवं. एरर काही नाही. गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर होते. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) बदलला, ड्रायव्हर नवे टाकले; दोन रविवार पाण्यात.

कारण साधं: प्रोटॉन ‘सी’पुढे कोलन असलेल्या नावाची लिंक (शॉर्टकटसारखी फाइल) गेमच्याच ड्राइव्हवर बनवतो, आणि नावातला कोलन एनटीएफएसला, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीला, चालत नाही.

आधी बॅकअप. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद करून डी ड्राइव्ह आकसवा. उबुंटूच्या ‘डिस्क्स’ ॲपमध्ये मोकळ्या झालेल्या जागेवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) पार्टिशन करून माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा. त्याची मालकी रूटकडून (सिस्टमच्या मुख्य युजरकडून) आपल्या युजरकडे घ्या. हे करायचं राहिलं तर स्टीमला तिथं लिहिताच येत नाही. मग स्टीम सेटिंग्ज, स्टोरेज, नवा ड्राइव्ह जोडा, गेम निवडून ‘मूव्ह’. पुन्हा डाउनलोड नको. ६० जीबी हलवताना चार्जर लावूनच ठेवा. खानापूरकडं पावसात लाईटचा नेम नाही.