संगीतबोध आणि श्रवणविषयक मेंदूविज्ञान: संशोधनाची संधी कशी शोधावी

संगीत ऐकताना मेंदूत काय घडते, यावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने आधी विद्यापीठ नव्हे, तर प्रयोगशाळा शोधावी. हा विषय कुठे मानसशास्त्रात, कुठे संगीत विभागात, तर कुठे वाचा-श्रवणशास्त्रात विखुरलेला असल्यामुळे नुसती विभागांची नावे चाळून हाती फारसे काही लागत नाही.

मॉन्ट्रियलची ‘ब्राम्स’ ही इझाबेल पेरेट्झ आणि रॉबर्ट झाटोरे यांनी उभारलेली प्रयोगशाळा आणि डेन्मार्कमधील ऑर्हुसचे ‘सेंटर फॉर म्युझिक इन द ब्रेन’ ही या क्षेत्रातली मातब्बर ठिकाणे आहेत. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये याच विषयाची एमएस्सी करता येते, मात्र तिचे शुल्क बहुधा पदरचे भरावे लागते. डेन्मार्कमध्ये पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, म्हणून तिथे प्रवेशाच्या सूचनांपेक्षा पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. श्रवणाच्या बाजूने यायचे असेल, तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था किंवा वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांचा विचार जरूर करावा.

मार्गदर्शकाला लिहायच्या पत्रावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. ‘मला संगीताची आवड आहे’ हे वाक्य त्यांना रोजच वाचावे लागते. त्याऐवजी तपासता येईल असा एकच प्रश्न मांडावा. उदाहरणार्थ, कास्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय व पाश्चात्त्य श्रोत्यांना रागसंगीत ऐकवून, त्यानंतर वाजवलेला एकेक स्वर त्यात कितपत बसतो, हे विचारले होते. षड्ज आणि पंचमाला दोन्ही गटांनी झुकते माप दिले. आता मालकंस रागात पंचम वर्ज्य असल्याने तानपुऱ्याची एरवी पंचमात असणारी तार मध्यमात लावतात. तेव्हा पंचमाचे हे वजन कितपत उरते, आणि ते तानपुऱ्यामुळे घटते की रागाच्या ओळखीमुळे? रियाज केलेल्या विद्यार्थ्याला असा प्रश्न सहज सुचतो, आणि ते त्याचे खरे भांडवल आहे.

ते पुरेसे मात्र नाही. संख्याशास्त्र आणि पायथन किंवा मॅटलॅब यांपैकी एक संगणकभाषा यायलाच हवी. ईईजीमध्ये, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीत, मिलिसेकंदांचा हिशेब असतो, त्यामुळे ध्वनी संगणकातून प्रत्यक्ष केव्हा बाहेर पडला हे मोजता न येणाऱ्याची नोंद निरुपयोगी ठरते. अमेरिका-कॅनडातील अनेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते. पत्र त्याआधी, सप्टेंबरातच पाठवावे.