पातीचा कांदा फ्रीझरमध्ये ठेवताय? या चुका टाळा

थंडीत दादरच्या मंडईत कोवळ्या पातीचे ढीग लागले की एका जुडीवर माझं भागत नाही. पण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पात फार टिकत नाही. आधी टोकं पिवळी पडतात, मग जुडी आतून चिकट होते. त्यापेक्षा आणल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाकावी. मरगळलेली पात वाचवायला फ्रीझर कामाचा नाही, तो फक्त आहे ती अवस्था धरून ठेवतो.

सगळ्यात जास्त पात बिघडते ती ओलाव्याने. पात म्हणजे पोकळ नळी, आणि टोकं खुडलेली असली की धुताना पाणी थेट आत शिरतं. वरून कोरडी दिसते, चिरून पिशवीत भरली की रात्रीत बर्फाचा दगड! त्यामुळे चिरल्यावर धुऊ नका. अख्खी जुडी धुवा, मुळं वर आणि टोकं खाली धरून झटका, चाळणीत निथळू द्या, मग पंचावर पसरून पंख्याखाली ठेवा. मुंबईच्या दमट हवेत तास-दोन तास सहज लागतात, घाई करू नका. एक पात बुडापासून टोकाकडे चिमटीत दाबत न्या. टोकाशी थेंब आला तर अजून वाळायची आहे.

दुसरी चूक, चिरलेली पात एकदम पिशवीत कोंबणं. आधी ताटात पातळ पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. कण सुटे गोठले की पिशवीत भरा, हवा दाबून काढा. पांढरा कांदा आणि हिरवी पात वेगळी ठेवा, कारण कांदा फोडणीत आधी जातो. उकळत्या पाण्यातून काढायची मात्र गरज नाही.

एकेरी पातळ पिशवी नको. खवलेला नारळ, आइस्क्रीम, अगदी बर्फालासुद्धा कांद्याचा वास लागतो. पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. उणे १८ अंशांना पात खराब होत नाही, पण स्वाद उतरत जातो. मी तीन महिन्यांत संपवते.

आणि वापरताना ती बाहेर काढून ठेवू नका. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्याने पातीच्या पेशी फुटतात. म्हणूनच सुटली की ती लिबलिबीत होते, कोशिंबिरीत किंवा फ्राइड राइसवर कच्ची भुरभुरायला चालत नाही. भाजीसाठी, थालीपिठासाठी उत्तम. पीठ पेरून करताना गोठलेलीच पात तापल्या कढईत टाका, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परता. पाणी सुटेल, ते आटून कडेला तेल दिसू लागलं की मगच बेसन पेरा. आधी पेरलंत तर गोळे होतात.