अमेरिकेतल्या कॉलेजचा फॉर्म: आधी तासांची वही, मग बाकीचं

पासपोर्ट, मार्कमेमो, इंग्रजीची परीक्षा हे सगळेच सांगतात, मी सांगत बसत नाही. माझं म्हणणं वहीचं आहे. नववीपासून एक वही करा आणि पोरगं अभ्यास सोडून जे जे करतं ते तारीख आणि तास टाकून लिहीत चला. भाचीच्या फॉर्मच्या वेळी आमच्याकडे ही वही नव्हती, म्हणून एवढं टाहो फोडून सांगतोय.

तिकडची बहुतेक नामांकित कॉलेजं कॉमन ॲप हा ऑनलाइन फॉर्म घेतात, एकच भरून अनेक कॉलेजांना पाठवता येतो. त्यात उपक्रमांना जास्तीत जास्त १० जागा. प्रत्येक ठिकाणी विचारतात: कोणत्या इयत्तेत, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे. आम्ही लातूरला बसून अंदाजाने आकडे ठोकले. बेरीज केली तर शाळा, क्लास आणि हे सगळं धरून पोरीला झोपायलाच वेळ उरेना! असला फॉर्म वाचणाऱ्याला काय कळत नाही? म्हणून वही. आठवून लिहू म्हणाल तर आठवत नाही, आमच्या घरात कुणालाच आठवलं नाही.

सर्टिफिकेटांची लॅमिनेशन केलेली जाड फाइल कपाटातच राहू द्या, बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक उपक्रमाची माहिती लिहायला १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. पुरस्कारांना वेगळ्या ५ जागा असतात. तालुक्याचं उत्तेजनार्थ बक्षीस तिथे सगळ्यात खाली.

वजन कशाला असतं? हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात (निकाल २०२३) बाहेर आलं की तिथे अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळी १ ते ६ श्रेणी देतात, १ सगळ्यात वरची. उपक्रमात १ मिळायला राष्ट्रीय पातळीचं काम लागतं. तेव्हा पंधरा शिबिरांपेक्षा दोनच गोष्टी चार वर्षं धरून ठेवा.

आणि घरचं काम लपवू नका. फॉर्ममध्ये कौटुंबिक जबाबदारी असा वेगळा प्रकारच आहे. शेताची लाइट रात्री येते म्हणून बापाच्या मागं बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारं पोरगं, आजीला दवाखान्यात नेणारी पोरगी, दुकानाचा हिशोब ठेवणारं पोर, हे सगळं चालतं. आपल्याला सांगायला लाज वाटते. पण तासांशिवाय तेही पोकळ दिसतं. वही!

अमेरिकेतल्या एमआयटीचा (पुण्याच्या नाही) फॉर्म वेगळा, तिथे चारच उपक्रम. ऑक्सफर्ड-केंब्रिजला फुटबॉल-नाटकाचं फारसं कौतुक नाही, विषयाला धरून केलेलं अवांतर वाचन विचारतात.

आता शिक्षकांचं शिफारसपत्र. नाव एका कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासला, ही आपली पद्धत. मग सर लिहिणार काय? वहीची झेरॉक्स त्यांना जुलैतच द्या, म्हणजे पत्रातलं आणि फॉर्ममधलं एकमेकांशी जुळेल. फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. बऱ्याच ठिकाणी लवकरच्या फेरीची शेवटची तारीख १ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. कॉलेजला कुलूप, क्लार्क गावाला.

बाकी भराभर. निबंध पोरानं स्वतः लिहावा, एजंटाला पैसे देऊन नाही. फीमध्ये मदत हवी तर बऱ्याच कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल लागतो, म्हणजे घरच्या आर्थिक परिस्थितीचा वेगळा फॉर्म. त्याच्यासाठी उत्पन्नाचे कागद आधीच काढा, शेतीचं उत्पन्न धरून. तहसीलला ऐन वेळी गर्दी असते.