अमेरिकेत एमएस-पीएचडीला अर्ज करताय? 'सिटिझनशिप'च्या रकान्यातल्या या चुका टाळा

दर हिवाळ्यात मी मुलांचे फॉर्म तपासून देतो. एसओपीवर (शिकण्याचा हेतू सांगणाऱ्या निबंधावर) दोन-दोन महिने घासलेलं असतं, आणि सिटिझनशिपचा रकाना मात्र सीनिअरचा स्क्रीनशॉट बघून भरलेला.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे जन्म अमेरिकेतला, वाढ इथली आणि फॉर्मवर 'इंटरनॅशनल'. कोथरूडच्या एका मुलीचं हेच झालं. ती तीन वर्षांची असताना आईवडील न्यू जर्सीहून परतले. शाळा, इंजिनिअरिंग सगळं पुण्यात. पत्ता पुण्याचा म्हणून तिने 'एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) लागेल' असं भरून टाकलं. ॲडमिशन झाली. आय-20 साठी (या व्हिसाकरता युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, त्यासाठी पैसे दाखवावे लागतात) वडील एफडीच्या पावत्या आणि सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट घेऊन आले. मी पासपोर्ट मागितला, तर निघाला निळा, अमेरिकन. सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. अमेरिकन नागरिकाला एफ-1 मिळतच नाही, आय-20 लागतच नाही! युनिव्हर्सिटीला कळवून स्टेटस बदलून घेतलं. पण एनएसएफच्या (अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या) ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिपची मुदत केव्हाच उलटली होती. वर्षाला 37,000 डॉलर स्टायपेंड, आणि ग्रीन कार्डवाले सोडले तर परदेशी मुलांना ती मागताही येत नाही. हातचं गेलं, याची हळहळ मला अजून वाटते.

ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. आधी पासपोर्ट टेबलावर, मग लॉगिन, हा माझा नियम. आणि सिटिझन असलात म्हणून इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) आपोआप लागत नाही. तिथे त्या राज्यातलं वास्तव्य बघतात.

एच-4 वर (एच-1बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) तिकडेच वाढलेल्यांनी 'आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह झालंय' म्हणून 'परमनंट रेसिडेंट' निवडू नये. ग्रीन कार्ड मंजूर झालेलं नसेल, तर तुम्ही परमनंट रेसिडेंट नाही. एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, एफ-1 ची तयारी त्याआधीच हवी.

'सिटिझन टिक कर, सोपं जातं' असं सांगणाऱ्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा. नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यास अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

पीएचडीवाल्यांनो, तुमची गुणवत्ता पासपोर्टवर ठरत नाही, पण फंडिंग बऱ्याचदा ठरतं. एनआयएचच्या (अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या) टी32 ट्रेनिंग ग्रँटवर परदेशी विद्यार्थी घेताच येत नाहीत, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या बायोमेडिकल प्रोग्रॅममध्ये आपल्यासाठी जागा मोजक्याच असतात. पंधरा ठिकाणी धडाधड अर्ज टाकण्याआधी प्रत्येक कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल करा: परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी फंडिंग कुठून मिळतं? उत्तर येईपर्यंत ॲप्लिकेशन फी भरू नका.