द्राक्षासाठी रानाचे कप्पे पाडताना

साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या वरच्या अंगाला आमची सहा एकर. वर माळ, मध्ये उतार, खाली नाल्याकाठची काळी. वाइनच्या द्राक्षाचं डोक्यात आलं तेव्हा मी गटाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसलो, तिथंच चुकलो. गटाची रेघ भाऊबंदकीची. माती आणि थंडी तिला विचारत नाहीत.

आधी थंडी मोजा. तीन कमाल-किमान तापमापक आणा आणि छातीइतक्या उंचीवर, सावलीत पण वारा खेळेल असे तिन्ही जागी टांगा. घराच्या भिंतीला अजिबात नको, भिंत रात्रभर ऊब सोडते. रोज सकाळी आकडे वहीत. माझा हिशेब होता, उंचावर गारवा जास्त. शंभर मीटरला साधारण 0.65 अंश, हे एरवी खरंच. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन खाली घरंगळते. जानेवारीत एका पहाटे माळावर 9 अंश, नाल्याकाठी साडेपाच! शेजारचे आबा म्हणाले, "भाऊ, थंडी पानीमायक खाले उतरस." म्हणजे पाण्यासारखी खाली उतरते. खालच्या बांधावर दाट शेवरी असेल तर थंडी तिथं तुंबतेही.

मग माती. रंग बदलेल तिथं तीन फूट खड्डा घ्या. मुरूम कुठं लागतो, जुन्या पिकाची मुळं कुठवर गेलीत ते बघा. ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, खुंट, म्हणजे ज्यावर कलम करतात ते मूळझाड, निवडताना ते लागेल. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. सकाळी तसंच दिसलं तर ती जागा सोडा.

उष्णतेचं गणित सोपं: कमाल अधिक किमान, भागिले दोन, वजा 10. दिवसा 32, रात्री 12 असेल तर त्या दिवसाचे 12. गोडी छाटणीपासून (पावसाळ्यानंतरची, फळासाठीची) काढणीपर्यंत बेरीज करत जा. अमेरीन आणि विंकलर या द्राक्षशास्त्रज्ञांची 1944 ची कॅलिफोर्नियाची पट्टी हीच बेरीज एप्रिल ते ऑक्टोबर मोजते. तेव्हा आपल्याकडे खरड छाटणी (उन्हाळ्यातली, नव्या काड्यांसाठीची) होऊन पावसाळा चाललेला असतो, म्हणून त्या पट्टीशी तुलना नको. आपलेच कप्पे एकमेकांशी ताडा.

शेवटी उपग्रहाच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवा, एकावर थंडी, दुसऱ्यावर माती. दोन्ही एकत्र धरून उजेडात बघा.

माझा सगळ्यात चांगला कप्पा मधल्या उतारावर निघाला. त्यातला निम्मा चुलत्यांच्या कापसात.