माहिती अधिकारात 'माहिती प्रश्नार्थक आहे' असं उत्तर येत असेल तर

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. गल्लीतला सिमेंटचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला. 'काम निकृष्ट का झालं?' असा अर्ज केला. उत्तर आलं, 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, देता येत नाही.' शब्द बदलून पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. फार चीड आली.

चूक 'का' या शब्दात होती. कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे माहिती म्हणजे दप्तरात असलेला अभिलेख. कारणमीमांसा मागता येत नाही, कागद मागता येतो.

मग असं केलं. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) मध्ये नवा अर्ज. विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत (आपल्या राज्याच्या नियमात ही अट आहे). कामाचं नाव आणि वर्ष लिहून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि अंतिम देयक यांच्या प्रती मागितल्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि पोच घेतली. पोच सोडू नका, सगळं तिच्यावरच चालतं.

३० दिवस उत्तर नाही. लगेच जोडपत्र 'ब' (अपिलाचा नमुना) मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, सोबत पोचेची प्रत. सुनावणीत कलम ७(६) दाखवलं: मुदत उलटली की माहिती विनाशुल्क.

प्रती फुकट मिळाल्या. मोजमाप पुस्तिकेतली जाडी आणि रस्त्यावरची जाडी आता ग्रामसभेत शेजारी शेजारी मांडणार आहोत.